कोरी बाजू

२ मार्च, रविवार

पोचले. दोन बॅगा, चष्म्याच्या दोन जोड्या आणि मी, सगळं धड पोचलं. सामान उतरवताना गाडीवाला म्हणाला, आजीबाई, सांभाळून. मी त्याला सांगितलं की मला नातवंडंच काय, मुलंही नाहीत, तेव्हा आजी होण्याचा प्रश्न येत नाही. आणि बॅग जड आहे, त्याने आपल्या पायाचं बघावं. भाची फाटकाला धरून हसत सुटली. या पोरीचं हसणं ऐकूनच मी यायला तयार झाले असते, मायक्रोस्कोपचं आमिष दाखवायची गरज नव्हती.

घर रस्त्याच्या टोकाला, बसडेपोच्या भिंतीला लागून आहे. खाली भाचीची प्रयोगशाळा, वर राहायच्या खोल्या. माझ्या खिडकीतून डेपोत परतणाऱ्या बसगाड्या दिसतात. पलंगाची गादी माझ्या मनासारखी कडक आहे. आरसा अंमळ उंच टांगलाय, तो उद्या खाली घेईन.

हॉस्पिटलने मला निरोप दिला तेव्हा भाषणात सांगितलं की आता मी आराम करायचा. जन्मभर लोकांचं रक्त काचेवर पसरून बघितलं, डोळे अजून शाबूत आहेत, जीभ तर फारच शाबूत आहे, आणि आराम कसला? भाचीचा फोन आला की आत्या, मला तुझे डोळे हवेत, तेव्हा मी बॅगच काढली.

दादाला जिना चढवत नाही म्हणून त्याची खाट खालीच, प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडच्या खोलीत आहे. गुडघे सुजून फुगलेत, मांड्यांच्या काड्या झाल्यात. तो म्हणाला, आलीस? मला वाटलं एकदम शेवटी येशील, जेवणाला. मी म्हटलं, तुझ्या घरी धड जेवण कधी मिळालं होतं? झालं, सगळं सुरळीत सुरू झालं. आम्ही बोलायला लागल्यापासून भांडतोय. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, मुलींनी राग गिळायला शिकावं. मला तो कधी गिळता आला नाही. मी तो जपून वापरला.

४ मार्च, मंगळवार

भाचीचं काम असं आहे. गुडघ्यात नुसतं औषध टोचलं तर ते लवकर वाहून जातं. म्हणून औषध डोळ्यांना न दिसणाऱ्या मण्यांत भरायचं आणि ते मणी टोचायचे. प्रत्येक मणी दोन बाजूंचा, अर्धा निळा आणि अर्धा काचेसारखा. निळी बाजू चिकट. ती सांध्याला धरून बसते. दुसरीत औषध, ते तिथून महिनोन् महिने पाझरत राहतं. निदान तसं व्हावं अशी इच्छा आहे.

करण्याची रीत मला फार आवडली. दोन जातींची पॉलिमरं, म्हणजे साध्या भाषेत दोन प्रकारचं प्लास्टिक, एकाच सॉल्व्हंटमध्ये विरघळवतात. पंपाने ते मिश्रण बारीक काचेच्या नळीतून साबणासारख्या पाण्यात सोडतात, तिथे त्याचे थेंब होतात. मग भांडं उघडं ठेवून दिवसभर ढवळायचं. सॉल्व्हंट हळूहळू उडून जातं, आणि ते गेलं की दोन्ही पॉलिमरांचं पटेनासं होतं. एक सरकतं इकडे, एक तिकडे, मधे सरळ रेघ. आई असेपर्यंत एका घरात नांदलेली भावंडं ती गेल्यावर भिंत घालतात, तसं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, त्यातली चिकट बाजू कोण तेही लिहून ठेव.

मी बघायचं ते हे की रेघ सरळ आहे का. काहींची तिरकी येते, काहींत एक पॉलिमर दुसऱ्याच्या पोटात शिरून बसतं, काही जोडबाहुल्यांसारखे होतात. ते सगळे बाद.

पंप सांभाळणारा माणूस दिवसभर शीळ घालतो, तीही बेसूर. त्याचं नाव मी शीळवाला ठेवलंय. पहिल्या भेटीतच मला आत्या म्हणाला. मी सुचवलं की मी एकाच मुलीची आत्या आहे, बाकीच्यांनी मॅडम म्हणावं. तो म्हणाला, बरं, आत्या.

७ मार्च, शुक्रवार

इथल्या एका सवयीवरून आज सगळ्यांची खरडपट्टी काढली. चिकट बाजू पुरेशी चिकट आहे का हे तपासायचं उपकरण आहे, पण ते मांडायला वेळ लागतो. म्हणून सगळे काय करतात, तर धुतलेल्या मण्यांचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात. बोटं सुटताना ओढ लागली की माल चांगला. याला चिमूट बघणं म्हणतात. उघड्या हातांनी! हातमोज्यांतून ओढ कळत नाही म्हणे. एवढी शिकलेली माझी भाचीही तेच करते. मी म्हटलं, आमच्या हॉस्पिटलात असं केलं असतं तर मी बोटं मोजून घेतली असती. शीळवाला म्हणाला, आत्या, एकदा बघा तर, मग बोला.

बघितली. ओढ लागते खरी. तान्ह्या मुलाने बोट धरून ठेवावं तशी. हात धुतला आणि विषय संपवला. पण खरं लिहायचं तर दुपारी परत एकदा बघितली, आणि आता मीही बघते.

सकाळी नर्सबाई दादाचे पाय सरळ करायला येतात. तेव्हा भिंतीपलीकडून जो आवाज येतो तो ऐकवत नाही. दादा त्यांना जे बोलतो तेही लिहिण्यासारखं नाही. त्या काही कमी नाहीत. म्हणतात, ओरडा हो ओरडा, गुडघा गेला तरी घसा चांगला आहे. शीळवाला तेवढा वेळ जोरजोरात शीळ घालतो. मला आधी तो निर्दयपणा वाटला होता. आज जवळून गेले, तर शीळ घालताना त्याचे डोळे भरलेले होते.

भाची आणि दादा, दोघांसाठीही हे मणी जमायला हवेत. माझं इथे येणं त्यासाठीच आहे.

१२ मार्च, बुधवार

आणलेलं औषध संपलं, नवं अजून हाती आलेलं नाही, म्हणून भाचीने सरावासाठी कोरी बॅच काढली. मण्यांची निळी बाजू नेहमीसारखी, औषधाची बाजू रिकामी. जन्मात इतकं देखणं काही मायक्रोस्कोपखाली बघितलं नाही. एकूण एक रेघ सरळ. मी भाचीच्या पाठीवर थाप मारली. तीही तीनतीनदा चिमूट बघत होती, आम्ही सगळेच बघत होतो, नर्सबाईही.

संध्याकाळी लक्षात आलं की माझा अंगठा दुखत नाही. मायक्रोस्कोपच्या चकत्या फिरवून फिरवून मिळवलेलं जुनं दुखणं, ते गायब. शीळवाल्याने तर तापल्या शेगडीवर बोटं टेकवली आणि वास आल्यावर उचलली. म्हणाला, काही झालंच नाही. फोड आलेत. हसत होता.

भाचीचे डोळे चमकले. मी विचारलं, मण्यात औषध नाही, मग दुखणं गेलं कशाने? ती म्हणाली, आत्या, तू कधी तरी नुसता आनंद मानशील का? मी म्हटलं, कारण कळू दे, मग मानते.

१५ मार्च, शनिवार

दादाच्या दोन्ही गुडघ्यांत आज कोरी बॅच टोचली. मी दारात आडवी उभी राहिले होते. म्हटलं, ना परवानगी, ना चाचणी, उंदराच्या वाट्यालासुद्धा याहून जास्त विचार येतो. भाची रडायला लागली. रोज बापाचं कण्हणं ऐकणारी पोर, तिला मी काय शहाणपण शिकवणार? शेवटी दादाच ओरडला, भिंत झालीस काय, हो बाजूला, विष असलं तरी घालू दे.

झाले बाजूला.

संध्याकाळी तो पाय पसरून शांत झोपला. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. कित्येक वर्षांनी मला त्याचा लहानपणचा चेहरा दिसला. आपण चुकलो याचा आनंद व्हावा असे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे आले, हा त्यातला एक. वर येऊन रडले. हे कुणाला कळायचं कारण नाही.

१८ मार्च, मंगळवार

दादाने माझे आभार मानले.

चहा नेऊन दिला, त्याबद्दल. मला वाटलं टोमणा आहे, म्हणून थांबले. पुढे काही आलंच नाही. तो नुसता हसला. मग पेपरातलं शब्दकोडं आपण होऊन माझ्याकडे सरकवलं. त्या कोड्यावरून आम्ही पेपर फाडलेले आहेत. मी मुद्दाम चुकीचा शब्द भरला, तोही शाईने, आणि त्याला दाखवला. तो म्हणाला, छान.

माझ्या अंगावर काटा आला. हसू नये. ज्याला असा भाऊ आहे त्यालाच कळेल.

नर्सबाईंनी पाय सरळ केला, आवाज नाही. शीळही नाही. म्हटलं, आता कशाला घालेल. पण दुपारीही नाही, संध्याकाळीही नाही. विचारलं तेव्हा शीळवाला म्हणाला, कसली शीळ?

२० मार्च, गुरुवार

घडलं तसं लिहिते, क्रमाने. डोकं ठिकाणावर आहे.

नर्सबाई दादाच्या गुडघ्यातलं सुजेचं पाणी रोज थोडं सुईने काढतात आणि छोट्या नळ्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवतात. आज त्यातला थेंब मी काचेवर घेतला. सुटून आलेले मणी होते. त्यांची कोरी बाजू कोरी नव्हती. ती भरली होती. गडद, आणि आत काहीतरी हलत होतं, पाण्यात शाई सोडल्यावर हलते तसं.

ती बाजू औषध बाहेर सोडण्यासाठी केलेली आहे. तिच्यात सोडायला काही नव्हतं. म्हणून ती घ्यायला लागली. मी रसायनशास्त्रज्ञ नाही, पण एवढं कळायला पदवी लागत नाही.

मग तुलनेसाठी ताज्या कोऱ्या बॅचचा थेंब घेतला. मणी काचेवर कसेही पडलेले असतात, कुणी पालथा, कुणी कुशीवर. मी डोळा लावला, आणि ते वळले. सगळे एकदम. कोरी बाजू वर, माझ्याकडे.

मी डोळा काढला. मायक्रोस्कोपला पडदाही जोडलेला आहे. तो लावून मी खोलीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. पडद्यावर बघितलं. ते डावीकडे वळले होते. उजव्या कोपऱ्यात गेले. ते उजवीकडे.

टेबलावरची काच कुणी हलवली नव्हती. मी मुद्दाम लिहून ठेवते.

२२ मार्च, शनिवार

भाचीला सगळं दाखवलं. ती मन लावून बघत होती. मी वाट पाहिली की आता दचकेल, भांडेल, मला खोटं पाडेल. ती माझा खांदा दाबून म्हणाली, आत्या, तू फार त्रास करून घेतेस. आवाज लोण्यासारखा. ही पोर, जी लहानपणी मी वेणी ओढली म्हणून मला चावली होती.

तिची बोटं बघितली. दोन्ही हातांची टोकं पांढरी पडलीत. रोज चिमूट. अजूनही.

दादाकडे गेले. वहिनीचा फोटो भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिला. वहिनी गेल्यापासून तो फोटोकडे बघायचासुद्धा नाही. कुणी नाव काढलं तर भिंतीकडे तोंड करून दिवसभर पडायचा. आज त्याने फोटो घेतला, पाहिला, म्हणाला, फ्रेम चांगली आहे.

दुखणं नेलं, म्हणे. दुखण्याबरोबर काय काय नेलं ते कुणी बघणार आहे की नाही? गुडघ्यातलं आणि मनातलं वेगळं ओळखायला त्या मण्यांना डोळे थोडेच आहेत! जे सापडलं ते ओढलं. माझा भाऊ त्या फ्रिजमध्ये नळ्यांत भरून ठेवलाय आणि खाटेवर एक सभ्य गृहस्थ बसलाय. मला तो नको.

मी गप्प बसणार नाही.

२४ मार्च, सोमवार

आज शीळवाला माझ्या खुर्चीत बसला होता. माझ्या. मी म्हटलं, बसा हो, काय फरक पडतो.

आणि दुसरं स्टूल घेतलं. मग माझंच बोलणं माझ्या कानात शिरलं—

हे मी बोलले? खुर्चीवरून मी हॉस्पिटलच्या साहेबांना उठवलेलं आहे.

म्हणून आता इथे राग लिहायचा. रोज. विझायच्या आत लिहायचा. निरोपाच्या दिवशी साहेबांनी माझ्यादेखत माझ्या टेबलावर माझ्या जागी आलेल्या दुसरीचा टिफिन ठेवला. दादाने मला न विचारता माझी सायकल मित्राला देऊन टाकली. उलट बोलले म्हणून सिस्टरने वर्गासमोर माझी वेणी कापली—

वेणी लिहिली आणि आत काही हललं नाही. जन्मभर ती आठवण आली की तळपायाची आग मस्तकात जायची. आज ती कुणा दुसरीची वेणी वाटली.

सायकलवर अजून थोडा राग आहे. सायकल धरून ठेवायची. हिरवी होती. घंटी मी लावली होती, मी.

२५ मार्च, मंगळवार

हात धुतला. घासला. दगडाने घासला. रक्त आलं, दुखलं नाही.

तर्जनी मायक्रोस्कोपखाली धरली. बोटांच्या ठशाच्या रेघांमध्ये ते बसलेत, ओळीने, शाळेतल्या मुलींसारखे. निळी बाजू कातडीत रुतलेली. दुसरी बाजू— बरेचसे भरलेत. आत शाई हलते तसं. ती माझी आहे. माझा राग असा दिसतो तर. रंग चांगला आहे.

एक कळलं. भरलेला मणी आणखी घेत नाही, नुसता बसून राहतो. कोरे असतात तेच ओढतात. म्हणजे नवे कोरे अंगाला लागले नाहीत तर उरलेली मी वाचते.

दुसरं कळलं. जे सॉल्व्हंटमध्ये विरघळवून केलं ते सॉल्व्हंटमध्ये विरघळणारच. तर्जनीवर एक थेंब टाकला. गार लागलं, मग चुरचुरलं, मग भाजल्यासारखं झालं. दुखलं! आणि सिस्टर, कात्री, फरशीवर पडलेली माझी वेणी, सगळं आगीसारखं वर आलं. मी टेबलावर मूठ आपटून ओरडले. एक काच फुटली.

भिंतीपलीकडून दादाने मऊ आवाजात विचारलं, काही हवंय का?

हवंय. तू हवायस.

२६ मार्च, बुधवार

दादाच्या नळीतले दोन थेंब काचेवर. त्यावर सॉल्व्हंट. मणी वितळताना बघितले— रेघ गेली, निळा गेला, शाई सुटली—

आणि भिंतीपलीकडून शिवी आली. मला, माझ्या नावाने. इतकी सणसणीत की मी तशीच धावले.

तो होता. खरा. पलंगाची कड धरून, घामाने निथळत, डोळ्यांत आग. मला म्हणाला, गाढवे, माझं दुखणं कुणाला विचारून नेलंत? मी म्हटलं, तूच ओरडलास टोचा म्हणून. तो म्हणाला, पाय न्या म्हटलं होतं, मला न्यायला नाही सांगितलं. म्हणाला, ती वारली आणि मी फ्रेमकडे बघतो? परत आण. सगळं आण. दुखू दे. मी विचारलं, सगळं? विचार कर, नर्सबाई, सकाळ, तो पाय. तो म्हणाला, तुला ऐकायला कमी येतं का?

मी फोटो परत त्याच्या हातात दिला. त्याने छातीशी धरला. मग दोनच थेंबांचं होतं ते, संपलं. चेहरा गुळगुळीत झाला. फोटो उलटा ठेवून म्हणाला, आज हवा चांगली आहे, नाही?

संध्याकाळी भाची म्हणाली, बाबा जरा अस्वस्थ होते ना, उद्या दुपारी त्यांना आणखी टोचू. नवी कोरी बॅच तयार आहे. तुलाही टोचू, आत्या. मान, पाठ, सगळीकडे. तू किती दमतेस गं.

प्रेमाने म्हणाली. हेच भयंकर आहे. तिघेही, भाची, शीळवाला, नर्सबाई, एका ओळीत उभे होते आणि मी खोलीत जिकडे जाईन तिकडे त्यांची तोंडं—

उद्या दुपार. मग त्याआधी.

२७ मार्च, गुरुवार

सकाळ. ते वर चहा घेतायत. मी प्रयोगशाळेत आहे, काचेचं दार आतून लावलंय. दादाच्या खोलीचं मधलं दार उघडं. तो खाटेवर बसून माझ्याकडे बघून हसतोय. थांब जरा.

नवी बॅच मोठ्या परातीत ओतली. वरून सॉल्व्हंटचा अख्खा कॅन. कोरे मणी वळले— माझ्याकडे, सगळे, एकदाच— मग विरघळून चिखल झाला. चिखलाला बाजू नसते.

दादाच्या नळ्या. फ्रिजमधल्या सगळ्या. दुसऱ्या भांड्यात. सॉल्व्हंट.

आरडाओरडा सुरू झाला. आला. तो आला. रडतोय, शिव्या देतोय, वहिनीला हाक मारतोय. मी म्हटलं, दादा, दुखतंय? तो म्हणाला, दुखतंय, मूर्ख बाई, तू हात घाल, माझ्याकडे काय बघतेस.

तिसऱ्या भांड्यात नुसतं सॉल्व्हंट, उजवा हात त्यात. डाव्याने लिहितेय. अक्षर असं. सिस्टरने डावा हात बांधून ठेवला होता लहानपणी, तिला म्हणावं बघ.

जळतंय

जळतंय. वेणी. सायकल. टिफिन. अंगठा. सगळं माझं, एकेक करून दारातून आत येतंय. किती होतं. मी एवढी होते—

ते आलेत. काचेबाहेर. भाची मधे, शीळवाला, नर्सबाई. ओरडत नाहीत. दार आपटत नाहीत. तळवे काचेला लावलेत, बोटांची टोकं पांढरी, आणि काचेतून मला ओढ लागतेय. इथपर्यंत. तान्ह्या मुलाने धरावं तशी.

भाची म्हणतेय, आत्या, उघड ना, हात बघू तुझा. तिच्या हातात सिरिंज आहे. कोऱ्या बॅचची एक बाटली तिने वर ठेवली होती. अर्थात ठेवली असणार, हुशार आहे, माझ्याच रक्ताची आहे.

दादा ओरडतोय, उघडू नकोस. मी म्हटलं, ती तुझी पोर आहे, तिला अशीच गोड ठेवू? तो म्हणाला, मग नीट धर तिला. दोन्ही हात. सोडू नकोस, चावेल.

चावू दे. चावली तर बरंच.

शीळवाल्याने कुठून किल्ली आणली. फिरवतोय. घाई नाही त्याला.

भांडं अजून अर्धं आहे. भाचीचे हात आधी. मग तो. मग नर्सबाई. या म्हणावं, एकेक करून या.

दार उघडायच्या आत एक लिहून ठेवते. उद्या याच वहीत गोड अक्षरात काही लिहिलेलं सापडलं, हवा चांगली आहे, सगळे किती प्रेमळ आहेत, असलं काही, तर ते मी लिहिलेलं नाही. मी ही. जिचा हात जळतोय. जिची वेणी कापली. जी अजून—